उसना विश्वास : फसवणुकीची रीत आणि फसवणाऱ्याची सुटका

प्रस्तावना

'लबाडाचे आवतण जेवल्याशिवाय खरे मानू नये' ही म्हण ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. या म्हणीत व्यवहाराची एक कसोटी सांगितलेली आहे. बोलण्यावर विसंबू नये, प्रत्यक्ष पदरात पडेल ते खरे मानावे, असा तिचा आशय. पिढ्यान् पिढ्या ही कसोटी उपयोगी पडली. तथापि गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात उघडकीस आलेली फसवणुकीची प्रकरणे पाहिली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. आजचा ठक ही म्हण जाणतो. तो पहिले जेवण खरोखरच वाढतो. पहिल्या महिन्याचा परतावा ठरल्या तारखेस खात्यात जमा होतो, दुसऱ्या महिन्याचाही होतो आणि जेवलेला पाहुणा स्वतःच गावभर आवतण देत हिंडू लागतो.

फसवणुकीसंबंधी सर्वसाधारण समज असा की, ठक हा विलक्षण बुद्धिमान असतो आणि फसणारा अडाणी किंवा लोभी असतो. हा समज अपुरा आहे. फसलेल्यांत डॉक्टर, निवृत्त अधिकारी, व्यापारी, प्राध्यापक अशी सर्व प्रकारची माणसे आढळतात. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. ठक विश्वास कोठून मिळवतो? शहाणी माणसे त्यास का बळी पडतात? आणि लबाडी उघड झाल्यावरही तो बराच काळ मोकळा कसा राहतो? त्यासाठी मराठ्यांच्या इतिहासातील एक, सीमाभागातून पुढे आलेले एक आणि पश्चिम महाराष्ट्रातील काही अलीकडची प्रकरणे विचारात घेतली असून माळशिरस तालुक्यासारख्या ऊसपट्ट्यातील व्यवहारांशी त्यांचा संबंध जोडला आहे. ठक स्वतः विश्वास निर्माण करीत नाही, समाजात आधीच साठलेला विश्वास तो उसना घेतो. आणि ज्यांनी तो उसना दिला त्यांच्या मौनाच्या आडोशाने तो निसटतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. फसवणूक : संकल्पना

चोरी आणि फसवणूक यांत मूलभूत भेद आहे. चोरीत मालकाच्या संमतीवाचून वस्तू नेली जाते. फसवणुकीत मालक स्वतःच्या हाताने ती देतो. भारतीय दंड संहितेच्या ४२० व्या कलमाने हा गुन्हा इतका परिचित केला की 'चारसोबीस' हा शब्द बोलीत रूढ झाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि फसवणुकीची तरतूद ३१८ व्या कलमात आली. कलमाचा क्रमांक बदलला, गुन्ह्याचे स्वरूप मात्र बदलले नाही. खोट्या समजुतीत पाडून, अप्रामाणिक हेतूने, दुसऱ्यास मालमत्ता देण्यास प्रवृत्त करणे हे त्याचे सार आहे.

'स्वतःच्या हाताने दिले' या एका गोष्टीतून पुढील सर्व गुंतागुंत उद्भवते. ज्याच्या घरी चोरी होते त्याच्याकडे शेजारी सहानुभूतीने येतात. जो फसतो त्याला 'तुला कळले कसे नाही?' असे विचारले जाते. चोरीत दोष चोराकडे राहतो, फसवणुकीत तो हळूहळू फसलेल्याकडे सरकतो. ठकाच्या सुटकेची पहिली वाट येथूनच सुरू होते.

२. नावाची उसनवारी : तोतयाचे प्रकरण

मराठ्यांच्या इतिहासात फसवणुकीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेब पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे निधन मान्य केले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. अशा वातावरणात उत्तरेकडील सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊसाहेब असल्याचा बहाणा केला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यास कैदेत ठेवण्यात आले.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. पण तसे झाले नाही. पुढे तो रत्नागिरीस कैदेत असताना १७७६ मध्ये तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास मोकळे करून भाऊसाहेब म्हणून उभे केले. कोकणातील लोक आणि किल्ले त्याच्या बाजूस वळू लागले व बंड घाटापर्यंत येऊन ठेपले. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. तोतया किनाऱ्याकडे पळाला असता कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी त्यास धरले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हा विषय मराठी वाचकांस परिचित आहे.

या प्रकरणात तीन घटक स्पष्ट दिसतात. पहिला घटक लोकांची इच्छा. पानिपताने असंख्य घरांतील माणसे नेली होती. भाऊसाहेब परत येऊ शकतात, तर आपलाही कोणी परत येऊ शकेल, ही आशा त्या नावात दडलेली होती. तोतयाने ती आशा निर्माण केली नाही. ती होतीच, त्याने केवळ तिला चेहरा दिला. दुसरा घटक एका अधिकाऱ्याची साथ. कैद्याच्या बोलण्यावर जे विसंबले नसते ते सुभेदाराच्या वागण्यावर विसंबले. तिसरा घटक सत्तेचे शैथिल्य. सवाई माधवराव १७७४ मध्ये जन्मलेले, म्हणजे पेशवा अवघा दोन वर्षांचा होता आणि रघुनाथरावांशी कलह चालू होता. पुण्याचा कारभार दुभंगलेला असताना खरे-खोटे करण्यास सवड कोणास होती? एकदा उघडी पडलेली लबाडी इच्छा, साथ आणि शैथिल्य एकत्र येताच पुन्हा उभी राहिली. पुढील प्रत्येक प्रकरणात हेच तीन घटक वेगवेगळ्या वेषात आढळतात.

३. शिक्क्याची उसनवारी : बनावट मुद्रांक

आधुनिक काळात माणसाच्या नावापेक्षा शासनाच्या शिक्क्यावर अधिक विश्वास ठेवला जातो. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथील अब्दुल करीम तेलगी याने नेमका हाच विश्वास उसना घेतला. १९९० च्या दशकात मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवून त्याने या व्यवसायात प्रवेश केला. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातून बाद झालेली छपाईची यंत्रे मिळवून मुंबईत बनावट मुद्रांक छापले गेले. त्यांची विक्री फुटकळ ग्राहकांना करण्याऐवजी मोठ्या प्रमाणावर मुद्रांक लागणाऱ्या बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या अशा संस्थांना करण्यात आली. नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेर येथे तेलगीस अटक झाली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्यास १३ वर्षांची सक्तमजुरी व २०२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरू येथे शिक्षा भोगत असतानाच त्याचा मृत्यू झाला.

हा गैरव्यवहार वर्षानुवर्षे चालला याचे कारण छपाईच्या कौशल्यात शोधणे अपुरे ठरेल. मुद्रांकाची रचनाच अशी होती की, तो विकत घेणाऱ्यास तो खरा की खोटा याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. बनावट मुद्रांकावर केलेला करारही दैनंदिन व्यवहारात चालतच राहिला. नुकसान झाले ते शासकीय तिजोरीचे. आणि तिजोरी ओरडत नाही. ज्या फसवणुकीत कोणाही एका माणसाचा खिसा रिकामा झालेला दिसत नाही तिची तक्रार करण्यास कोणी पुढे येत नाही. शिवाय तपासाच्या काळात काही पोलीस अधिकाऱ्यांवरही आरोप ठेवले गेले. त्यांपैकी काही जण पुढे आरोपमुक्त झाले, तरी तपास करणाऱ्यांचाच तपास करावा लागल्याने मूळ प्रकरणाचा निकाल लांबत गेला. पुढील काळात फ्रँकिंग व ई-मुद्रांक यांसारख्या पद्धती रूढ झाल्या. शिक्क्याची खातरजमा कागद पाहून न करता नोंद पाहून करावयाची, हा या प्रकरणाने शिकवलेला धडा होय.

४. शेजाराची उसनवारी : परताव्याच्या योजना

फसवणुकीचा सर्वांत दूरवर पसरलेला प्रकार म्हणजे भरघोस परताव्याच्या योजना. चार्ल्स पॉन्झी याने १९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात टपालाच्या उत्तर-कुपनांच्या व्यापारातून ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे आमिष दाखवले. प्रत्यक्षात नव्या गुंतवणूकदारांचे पैसे जुन्यांना दिले जात होते. तेव्हापासून या पद्धतीस त्याचे नाव चिकटले.

या योजनेचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. समजा, १०० व्यक्तींनी प्रत्येकी १ लाख रुपये गुंतवले आणि दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन आहे. जमा रक्कम १ कोटी. कोणताही धंदा न करता यातून दरमहा १० लाख रुपये वाटता येतात आणि हे वाटप १० महिने चालू शकते. नवव्या महिन्याच्या अखेरीस प्रत्येकाच्या हाती ९० हजार रुपये आलेले असतात. तो मनाशी हिशेब करतो की मुद्दल १ लाख सुरक्षित आहे आणि वर ९० हजार नफा झाला. वस्तुतः त्याला त्याचेच पैसे परत मिळालेले असतात.

ठक मात्र १० महिने थांबत नाही. जमा रकमेपैकी निम्मी तो बाजूस काढतो आणि १० टक्के मध्यस्थांना देतो असे मानल्यास वाटपासाठी ४० लाख उरतात. चार महिन्यांत ते संपतात. पाचव्या महिन्यापासून प्रत्येक नव्या लाखातून वाटपास ४० हजारच मिळत असल्याने १० लाख वाटण्यासाठी २५ नवे लोक लागतात. पुढच्या महिन्यात १२५ जणांना द्यावयाचे असतात म्हणून ३१ लागतात, त्यानंतर ३९. म्हणजे सभासदांची संख्या दरमहा चौथाईने वाढत राहिली पाहिजे. या गतीने एका वर्षात १०० चे सुमारे १,४५० आणि दोन वर्षांत २१ हजारांहून अधिक सभासद व्हावे लागतात. कोणत्याही तालुक्यात, जिल्ह्यात किंवा राज्यात ही वाढ अखंड चालणे अशक्य आहे. योजना बुडणार हे पहिल्याच दिवशी निश्चित असते. अनिश्चित असते ती केवळ तारीख.

हे गणित लपवण्यासाठी प्रत्येक योजना एखाद्या वस्तूचा आडोसा घेते. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीच्या योजनेत हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री हा आडोसा होता. सेबीने फेब्रुवारी २०१६ मध्ये या कंपनीस सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत ॲग्रो इंडिया या कंपनीच्या योजनेत कडकनाथ कोंबडी ही वस्तू होती. शेतकऱ्याने पैसे भरून पिल्ले घ्यावीत, वाढवावीत आणि अंडी व पक्षी कंपनीने चढ्या भावाने विकत घ्यावेत, असा करार होता. २०१९ मध्ये खरेदी थांबली, पक्षी शेतकऱ्यांच्या अंगणात राहिले आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. कडकनाथ ही खरी जात आहे; मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आडोसा खरा असल्यानेच त्यामागचे गणित तपासण्याची गरज कोणास वाटली नाही. मुंबई परिसरातील 'टोरेस' या दागिन्यांच्या दुकानांच्या योजनेत मोइसनाइटचे खडे आणि साप्ताहिक परतावा होता. २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना जानेवारी २०२५ मध्ये कोसळली.

सोलापूर जिल्ह्यापुरते पाहिल्यास जानेवारी २०२२ मधील बार्शीचे प्रकरण लक्षणीय आहे. शेअर बाजारातून मोठा परतावा देण्याचे आश्वासन देऊन रकमा गोळा केल्याचा आरोप तेथील एका सल्लागार व्यावसायिकावर झाला. गुन्हा दाखल झाल्यावर संशयिताने समाजमाध्यमावर चित्रफीत प्रसिद्ध करून आपली बाजू मांडली आणि तो सोलापूर ग्रामीण पोलिसांसमोर हजर झाला. पॅनकार्ड क्लब्जचे कार्यालय मुंबईत होते, गुंतवणूकदार देशभर होते. बार्शीत मात्र देणारा आणि घेणारा एकाच गावचे. छोट्या शहरात माणूस जाहिरात पाहून पैसे देत नाही. तो ओळखीच्या माणसाने दिले म्हणून देतो. ज्याला परतावा मिळाला तो शेजारी खोटे बोलत नसतो. त्याचा अनुभव खरा असतो, निष्कर्ष चुकीचा असतो. आणि ठकासाठी अशा प्रामाणिक साक्षीदारापेक्षा मोलाचे दुसरे काहीही नसते.

५. उचलीचा व्यवहार : माळशिरस परिसर

निरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्यात ऊस आला, उसामागे माळीनगर, अकलूज येथील साखर कारखानदारी उभी राहिली आणि पैशाची एक विशिष्ट चाल निर्माण झाली. नोकरदाराकडे पैसा दरमहा येतो. ऊसपट्ट्यात तो एकरकमी येतो. उसाचे बिल, निवृत्तीची रक्कम, पालखी महामार्गासाठी संपादित झालेल्या जमिनीचा मोबदला या सर्व रकमांच्या येण्याची वेळ गावात सर्वांना ठाऊक असते. एकरकमी पैशाला तातडीने वाट शोधण्याची मालकाची घाई आणि त्या वाटेवर आधीच उभा असलेला योजनेचा प्रतिनिधी यांची गाठ पडणे स्वाभाविक आहे.

याच पट्ट्यात फसवणुकीचा आणखी एक प्रकार आढळतो. गळीत हंगामापूर्वी ट्रॅक्टरमालक ऊसतोड टोळीच्या मुकादमास 'उचल' म्हणून काही लाख रुपये आगाऊ देतो. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता, अशा किती जोड्या आणणार ते ठरते. मुद्रांकावर करार, धनादेश, साक्षीदार असे सर्व सोपस्कार होतात. त्यानंतर एकच टोळी दाखवून मुकादमाने दोन-तीन वाहनमालकांकडून उचल घेतल्याचे आणि हंगाम सुरू झाल्यावर टोळी आलीच नाही, असे प्रकार वारंवार घडतात. वाहनमालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचे कर्ज असते, कारखान्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम असते आणि हंगाम वाया गेलेला असतो.

अर्थात प्रत्येक न आलेली टोळी म्हणजे फसवणूक नव्हे. आजारपण, गावाकडील अडचण, आधीच्या कर्जाचा तगादा यांमुळेही मजूर येऊ शकत नाहीत. मुकादमाने मजुरांच्याच उचलीत खोट दाखवल्याचीही उदाहरणे असतात. नेमक्या याच संदिग्धतेचा फायदा ठक मुकादम घेतो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, येथे गुन्हा घडला की केवळ करार मोडला? सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निकालात हा भेद स्पष्ट केला आहे. वचन देतेवेळीच अप्रामाणिक हेतू असेल तर ती फसवणूक. हेतू नंतर बदलला असेल तर तो केवळ करारभंग. तत्त्व योग्यच आहे, अन्यथा प्रत्येक थकबाकीदार गुन्हेगार ठरेल. तथापि पहिल्या दिवशी मनात काय होते, हे सिद्ध करणे तक्रारदारास अवघड जाते. एकाच टोळीची नावे दाखवून एकाच काळात अनेकांकडून उचल घेतल्याचा पुरावा एकत्र आणला, तर हेतू दिसू शकतो. परंतु फसलेले वाहनमालक वेगवेगळ्या तालुक्यांतील असतात आणि एकमेकांस ओळखत नाहीत. त्यांचे न भेटणे हेच ठकाचे संरक्षण ठरते.

६. भीतीची उसनवारी : 'डिजिटल अटक'

आतापर्यंतच्या प्रकारांत आशेचा उपयोग केला गेला. अलीकडच्या प्रकारांत भीतीचा उपयोग होतो. पोलीस, सीमाशुल्क किंवा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचे सांगून दृक्-ध्वनी संभाषणाद्वारे व्यक्तीस घरातच अडकवून ठेवणे आणि 'चौकशीसाठी' पैसे वळते करून घेणे या प्रकारास 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. २०२४ मध्ये पंजाबातील एका नामवंत उद्योगसमूहाच्या प्रमुखांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून त्यांच्याकडून सुमारे ७ कोटी रुपये उकळण्यात आले. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमात या प्रकाराविषयी नागरिकांना सावध केले. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही.

येथे शिक्षण उपयोगी पडत नाही, असे म्हणणे कठोर वाटले तरी बऱ्याच अंशी खरे आहे. किंबहुना कायदा पाळणारा, नोटिशीला वेळेत उत्तर देणारा सुशिक्षित माणूस या सापळ्यात अधिक सहज सापडतो. कारण गणवेश, बोधचिन्ह व कार्यालयीन भाषा यांचा मान राखण्याची सवय त्यास असते. ठक त्याच्या अज्ञानाचा वापर करीत नाही, त्याच्या शिस्तीचा करतो. 'कोणाशीही बोलू नका' ही अशा प्रत्येक ठकाची पहिली आज्ञा असते. घरातील दुसऱ्या माणसाचा एक प्रश्न हा बनाव कोलमडून टाकण्यास पुरेसा आहे, हे तो जाणून असतो.

७. सुटका कशी होते?

ठकाची सुटका म्हणजे पळून जाणे, असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांपुढे येते. वास्तवात ती तक्रार होण्यापूर्वीच सुरू झालेली असते. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला टप्पा लाजेचा. लोक हसतील, घरात बोल लागेल, या धास्तीने फसलेला गप्प राहतो. अनेकदा पत्नीस, मुलांस न सांगता रक्कम गुंतवलेली असते.

दुसरा टप्पा आशेचा. परतावा थांबल्यावर ठक दारे बंद करीत नाही. 'तांत्रिक अडचण आहे', 'खाती गोठली आहेत', 'तक्रार केलीत तर सगळ्यांचेच बुडेल' अशी कारणे देऊन तो गुंतवणूकदारांना वाट पाहावयास लावतो. या काळात मालमत्ता नातेवाइकांच्या नावे होते, कागदपत्रे नाहीशी होतात. तक्रारदारास जो काळ संयमाचा वाटतो तो ठकाच्या दृष्टीने आवराआवरीचा असतो.

तिसरा टप्पा मध्यस्थांचा. ज्याने शंभर लोक जोडले, दलाली घेतली, तो स्वतःही बहुधा फसलेला असतो. तक्रार केली तर तो साक्षीदार होणार की सहआरोपी, हे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून तो आपल्याखालील लोकांना थोपवून धरतो. ठकास वकिलाच्या आधी हा बचाव मिळतो आणि तोही विनामूल्य.

चौथा टप्पा कागदाचा. रक्कम 'ठेव' म्हणून न घेता हातउसने, मालाची आगाऊ किंमत, भागीदारी, सभासद शुल्क अशा नावांनी घेतलेली असते. अशा पळवाटा बंद करण्यासाठी कायदे होत गेले. १९७८ मध्ये बक्षीस चिट व पैसा प्रसारण योजनांवर बंदी आली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा करून वित्तीय आस्थापनेची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या कायद्यातील 'ठेव' या संज्ञेचा व्यापक अर्थ मान्य केला. रकमेस कोणते नाव दिले यापेक्षा ती परत करण्याच्या बोलीवर घेतली का, हे पाहिले जाते. कायदा अपुरा आहे असे आता म्हणता येत नाही. त्याच्यापर्यंत प्रकरण उशिरा पोहोचते, ही अडचण आहे.

पाचवा टप्पा अंतराचा. सायबर फसवणुकीत पैसा काही तासांत अनेक राज्यांतील भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरतो. १९३० या मदतवाहिनीवर तात्काळ कळवल्यास रक्कम वाटेतच गोठवण्याची शक्यता असते. दिवस उलटल्यावर ती फारच कमी होते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल नोंदवता येतो, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. 'हे आमच्या हद्दीत नाही' या उत्तराने तक्रारदाराने परत फिरण्याचे कारण उरलेले नाही.

८. शिक्षकाचे नाव

या सर्व विवेचनाचा महाविद्यालयीन शिक्षकाशी असलेला संबंध केवळ जनजागृतीपुरता नाही. तालुक्याच्या गावी प्राध्यापकाचे वेतन नियमित असते, बँकेत त्याची पत असते आणि समाजात त्याच्या शब्दास वजन असते. म्हणून योजनेचा प्रतिनिधी त्याच्याकडे दोन हेतूंनी येतो. एक त्याच्या पैशासाठी आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा, त्याच्या नावासाठी. 'सरांनी गुंतवले आहेत' हे एक वाक्य गावात किती घरांची दारे उघडते याचा अंदाज सरांना बहुधा नसतो. रत्नागिरीच्या सुभेदाराने तोतयास जे दिले तेच नकळत येथे दिले जाते. गुंतवणूक लहान असेल, दलाली घेतलेली नसेल, तरीही नाव वापरले गेलेले असते आणि बुडालेल्या विद्यार्थ्याच्या बापास परत करण्यासारखे सरांकडे काही नसते.

यादृष्टीने तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली, कोणत्याही योजनेसंबंधी तीन प्रश्न विचारण्याची सवय स्वतःस व विद्यार्थ्यांस लावणे. पैसा नेमका कोणत्या उत्पादक कामातून निर्माण होतो? पैसे घेणाऱ्याची नोंदणी रिझर्व्ह बँक, सेबी किंवा अन्य नियामकाकडे आहे का, आणि ती नियामकाच्याच नोंदीत पाहिली का? नवा सभासद न आल्यास परतावा चालू राहील का? रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' हे संकेतस्थळ पडताळणी व तक्रार या दोन्हींसाठी उपलब्ध आहे. वर दिलेले शंभर सभासदांचे गणित वाणिज्य शाखेच्याच नव्हे, कोणत्याही शाखेच्या वर्गात अर्ध्या तासात फळ्यावर मांडता येते.

दुसरी, तक्रार लिहिण्यास साहाय्य करणे. तारीख, रक्कम, खाते क्रमांक, कोणी काय आश्वासन दिले याची क्रमवार मांडणी आणि एकाच प्रकरणातील फसलेल्यांची एकत्र यादी करणे हे काम लेखनाची सवय असलेला माणूस सहज करू शकतो. हेतू सिद्ध करण्यासाठी जो पुरावा लागतो तो बहुतांशी अशा याद्यांतूनच उभा राहतो.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मिळ आहे. ती म्हणजे फसलेल्यास न हसणे. शिक्षककक्षात, पारावर, लग्नकार्यात होणारी चेष्टा निरुपद्रवी वाटते. परंतु तीच पुढच्या फसलेल्याचे तोंड बंद करते. फसलेल्यास हसणे म्हणजे ठकास दिलेले अभय होय.

समारोप

तोतयाच्या बंडापासून डिजिटल अटकेपर्यंतच्या अडीचशे वर्षांत साधने पूर्णपणे बदलली, रीत मात्र फारशी बदलली नाही. प्रथम कोणाचा तरी विश्वास उसना घ्यावयाचा, मग तो नावाचा असो, शिक्क्याचा असो, शेजाराचा असो वा गणवेशाचा. नंतर पहिले जेवण खरे वाढावयाचे किंवा पहिली भीती खरी वाटेल अशी दाखवावयाची. शेवटी, ज्यांनी विश्वास दिला त्यांच्या लाजेच्या, आशेच्या आणि गुंतलेल्या हितसंबंधांच्या आड दडावयाचे. त्यामुळे केवळ 'लोभ धरू नका' हा उपदेश अपुरा पडतो. मुलीच्या लग्नासाठी चार पैसे जोडू पाहणारा शेतकरी किंवा म्हातारपणाची तजवीज करणारा निवृत्त शिक्षक यांस लोभी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

विश्वासावाचून समाज चालत नाही. उचलीवाचून ऊसतोड होत नाही, ओळखीवाचून गावातला व्यवहार होत नाही. म्हणून विश्वास ठेवू नये, असे या लेखाचे सांगणे नाही. विश्वास ही एकट्याची खासगी ठेव नसून ती गावाची सामाईक मिळकत आहे. तिच्यावर सही करण्यापूर्वी चौकशी करावी आणि ती लुबाडली गेल्यास त्याच दिवशी, मोठ्याने व एकत्रितपणे सांगावे, एवढीच अपेक्षा आहे. जुन्या म्हणीलाही आता थोडी जोड द्यावी लागेल. लबाडाचे आवतण जेवल्यावरही खरे मानू नये. जेवण कोणाच्या कणगीतून आले ते आधी विचारावे.